उसने हंगाम

विशी-पंचविशीत शेती हातात घेतली आणि साठी-पासष्टीपर्यंत हातपाय धड राहिले, तर वर्षातून एकदाच येणारं पीक माणूस आयुष्यात साधारण ४० वेळा पेरतो. त्यातली काही वर्षं पावसाने दगा दिल्यामुळे जातात, काही अतिवृष्टीत वाहून जातात, काही आजारपणात आणि घरच्या अडचणींत निघून जातात. उरलेल्या हंगामांतून जे कळेल ते कळतं. सुताराचा सांधा चुकला तर त्याला तो तिथल्या तिथे दिसतो, तो लाकूड बाजूला ठेवून दुसरं घेतो. शेतात पेरणीच्या वेळी घेतलेल्या निर्णयाचं उत्तर काढणीला मिळतं. तेही निर्भेळ मिळत नाही, कारण मधल्या काळातला पाऊस, ऊन, किडी, शेजारच्या शेतातून आलेलं पाणी असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. बियाणं चांगलं होतं म्हणून पीक साधलं की पाऊस वेळेवर पडला म्हणून साधलं, हे एका वर्षात सांगता येत नाही. पुढच्या वर्षी तसंच करून बघू म्हटलं, तर पुढचं वर्ष मागच्यासारखं येत नाही.

शाश्वत शेतीत हा उशीर आणखी लांबतो. युरिया दिला की पिकाचा रंग थोड्याच दिवसांत बदलतो. शेणखत, हिरवळीचं खत, पिकांची फेरपालट, बांधावरची झाडं यांचा परिणाम वर्षांच्या हिशोबात दिसतो. सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या बहुतेक पद्धतींमध्ये जमिनीला रूपांतरासाठीच २ ते ३ वर्षं द्यावी लागतात, आणि ती वर्षं संपली म्हणजे माती सुधारली असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणूनच अशा शेतावर उमेदवारी करणाऱ्याला सगळ्यात मोलाचं काय मिळतं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, दुसऱ्याचे हंगाम. खुरपं कसं धरायचं, रोपं कशी लावायची, वाफे कसे आखायचे हे हाताला सवयीने येतं. पण ‘या कोपऱ्यात पाणी साचतं, इथे कोबी लावला तर मुळं कुजतात’ हे ज्याने तिथे कोबी कुजलेला पाहिला आहे, त्याच्याकडूनच घ्यावं लागतं. आपल्या वाट्याला येणाऱ्या ४० हंगामांत हे सगळं पहिल्यापासून शोधत बसायला वेळ नसतो.

मी अशा एका शेतावर शिकाऊ म्हणून राहिले. शेत ज्यांचं होतं त्यांना सगळे दादा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. ते बोलायचे कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी खुरपं हातात दिलं आणि ओळीत माझ्या पुढे बसलेल्या बाईंकडे बोट दाखवून म्हणाले, “मावशींच्या बाजूला बस. त्या काय उपटतात आणि काय ठेवतात, ते बघ.”

खुरपणी हे खालच्या पायरीचं काम, जाणकार माणसं काहीतरी वेगळंच करत असणार, असं शेतावर नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. पण शेत ओळखायची याहून चांगली वाट मला अजून सापडलेली नाही. उकिडवं बसून ओळीतून सरकताना डोळे मातीपासून हातभर अंतरावर असतात. दिवसभरात वाफ्याची इंच न् इंच जागा नजरेखालून जाते. कुठे माती भुसभुशीत आहे, कुठे खुरपं आपटतं, कुठे गांडुळांची विष्ठा गोळ्या-गोळ्यांनी वर आली आहे, कुठे पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या आहेत, हे उभ्याने चालणाऱ्याला दिसत नाही.

मावशींना दोन पानांवरचं रोपटं ओळखता यायचं. गाजराचं बी उगवायला वेळ घेतं. आठवड्याने येईल, कधी दोन-तीन आठवडेही लावेल. तोवर तण त्याच्या पुढे गेलेलं असतं आणि गाजराची ओळ नेमकी कुठे आहे हेच कळेनासं होतं. त्यावर त्यांचा उपाय असा, की गाजराच्या बियांत थोडं मुळ्याचं बी मिसळायचं. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, ओळ दाखवतो, आणि गाजर पोसायला लागेपर्यंत काढून खाऊनही होतो.

तणाचंही एक वय असतं. बी नुकतं रुजलं आहे, अंकुर पांढरा आणि दोऱ्याएवढा आहे, तो अजून मातीबाहेर आलेला नाही किंवा नुकताच येतो आहे, अशा वेळी वरची माती नुसती हलवली तरी तो मरतो. त्याला उपटावं लागत नाही. हेच तण बोटभर झालं की एकेक हाताने काढावं लागतं, आणि फुलावर आलं की पुढच्या कित्येक हंगामांचं बी पेरून जातं. त्यात पुन्हा वेळ साधावी लागते. कोरड्या उन्हात खुरपलेलं तण दुपारपर्यंत वाळतं. ओल्या मातीत, ढगाळ हवेत खुरपलं तर बरंचसं तण नव्या जागी पुन्हा मूळ धरतं. म्हणून मावशी खुरपायला बसण्याआधी आभाळाकडे पाहायच्या. मी दोघींसाठी पाणी भरून ठेवायचे आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत थांबायचे. कधी कधी त्या म्हणायच्या, “आज नको, आज पाला टाकू,” आणि आम्ही आच्छादनाच्या कामाला लागायचो.

लव्हाळ्याबद्दल त्यांनी वेगळंच शिकवलं. वरून ओढलं की पात हातात येते, खाली गाठी तशाच राहतात आणि प्रत्येक गाठ पुन्हा फुटते. वाफा साफ केल्याचं समाधान मिळतं, पण आठवड्याभरात तो पुन्हा हिरवा होतो. गाठीसकट खणून काढायचं, आणि जिथे ते शक्य नाही तिथे पात वाढू न देता पुन्हा पुन्हा कापत राहायची. पानंच मिळाली नाहीत तर गाठीतला साठा हळूहळू संपतो. हे काम एका उमेदवाराच्या मुक्कामात संपत नाही. तो निघून गेल्यावर पुढच्याने तिथूनच धरायचं असतं.

माती कधी हाताळायची नाही हे कळायला मला जास्त वेळ लागला. पाऊस उघडला की सगळ्यांना घाई होते. वाफे तयार करायचे असतात, रोपं वाट पाहत असतात, आणि पुन्हा ढग येणार असल्याची बातमी असते. दादा मात्र सकाळी शेतात जाऊन मूठभर माती घ्यायचे. वरची नाही, खुरप्याच्या पात्याएवढ्या खोलीवरची. मुठीत दाबून तिचा गोळा करायचे आणि अंगठ्याने त्यावर दाब द्यायचे. गोळा फुटून त्याचे बारीक कण झाले तर वाफसा आला, म्हणजे माती कामाजोगी झाली. अंगठा आत रुतून चकचकीत ठसा उमटला तर नाही. “अजून नको. संध्याकाळी परत बघू.” संध्याकाळी पुन्हा तेच. दोन दिवस हातावर हात ठेवून बसायचं, आणि शेजारच्या शेतात ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज ऐकायचा.

यामागचं कारण मातीच्या रचनेत आहे. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीतच हवा आणि पाणी राहतं, त्यातूनच मुळं वाट काढतात. ओल्या मातीवर वजन पडलं की कण एकमेकांवर घसरतात, पोकळ्या दबतात, आणि वाळल्यावर तिथे घट्ट थर तयार होतो. एका दिवसाच्या घाईत झालेला थर पुढची काही वर्षं मुळांना अडवतो. ज्याने ते नुकसान केलं तो उमेदवार तोवर दुसरीकडे गेलेला असतो. शेतावर राहणाऱ्यालाच ते दिसतं.

एक प्रयोग मात्र असा आहे की ज्याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं, आणि तो मी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. दोन काचेच्या बरण्या पाण्याने भरायच्या. तोंडाशी जाळी अडकवायची, अशी की जाळी पाण्यात बुडालेली राहील. एका जाळीवर गवताखालच्या, वर्षानुवर्षं न नांगरलेल्या बांधावरचं वाळलेलं ढेकूळ ठेवायचं, दुसऱ्या जाळीवर सतत नांगरल्या जाणाऱ्या पट्ट्यातलं तेवढंच ढेकूळ. दुसऱ्या ढेकळातून लगेच बुडबुडे निघायला लागतात, कडा सुटतात, आणि बघता बघता ते विरघळून तळाला गाळ बसतो. पाणी गढूळ होतं. पहिलं ढेकूळ तसंच राहतं. पाणी त्यात शिरतं, हवा बाहेर पडते, पण कण सुटत नाहीत. बाहेर काढून फोडलं तर आत बारीक मुळांचं जाळं दिसतं. बुरशीचे धागे आणि मुळांतून, जिवाणूंतून पाझरणारे चिकट पदार्थ कणांना बांधून ठेवतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण ज्या ढेकळाला ते मिळालेलं नाही, ते पाऊस पडला की असंच फुटतं, वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो आणि पाणी आत मुरायच्या ऐवजी वाहून जातं. हे पाहिल्यावर आच्छादन कशासाठी, उघडी जमीन का ठेवायची नाही, हे वेगळं समजावावं लागत नाही.

इतकं पटकन मिळणारं उत्तर शेतात विरळा. चार्ल्स डार्विनने १८४२ साली आपल्या घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले. गांडुळं खालची माती खाऊन वर आणून टाकतात, तेव्हा हे तुकडे किती खाली जातात ते त्याला पाहायचं होतं. त्याने तिथे चर खणला तो १८७१ साली, २९ वर्षांनी. खडूची पांढरी रेघ ७ इंच खाली सापडली. गांडुळांवरचं त्याचं पुस्तक १८८१ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. शेतकऱ्याचं लक्ष ज्यावर असायला हवं त्या गोष्टीचा वेग किती असतो, हे त्या २९ वर्षांनी मला नेमकं सांगितलं.

त्याहून मोठी स्मरणशक्ती इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राची आहे. जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी तिथे १८४३ पासून एका शेतात गव्हाचे पट्टे आखून प्रयोग सुरू केला. कुठल्या पट्ट्याला शेणखत, कुठल्याला निरनिराळी खतं, आणि एकाला काहीच नाही. तो प्रयोग अजून चालू आहे. तिथेच बार्लीच्या प्रयोगात एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी २० वर्षं दरवर्षी शेणखत दिलं आणि मग ते बंद केलं. खत बंद करून शंभराहून अधिक वर्षं उलटल्यावरही त्या पट्ट्यातल्या मातीत, कधीच खत न दिलेल्या पट्ट्यापेक्षा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत उरणारा कार्बन, जास्त होता. ज्या माणसांनी ते शेणखत पसरलं त्यांची नातवंडंही तोवर म्हातारी होऊन गेली असतील. हे वाचल्यापासून शेणखताची पाटी उचलताना माझ्या मनात ते काम आजच्या पिकापुरतं राहिलेलं नाही.

कंपोस्टचा ढीग त्या मानाने तत्पर. कोरडा पालापाचोळा आणि काड्या, हिरवा पाला, शेण असे थर लावायचे. कर्ब आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण साधारण ३० ला १ असावं, हे पुस्तकी सूत्र. प्रत्यक्षात दादा म्हणायचे, “काड्या जास्त झाल्या तर ढीग थंड पडतो, हिरवं जास्त झालं तर वास मारतो. वास आला की काड्या घाल.” ओल तपासायची तर आतला मूठभर ऐवज पिळायचा. थेंब-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाणी जास्त. दोन-तीन दिवसांत ढिगाचं तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. पहाटेच्या गारव्यात वरचा थर बाजूला केला की वाफ येते, आणि आत हात ठेवला तर क्षणभरही ठेववत नाही. ही उष्णता जिवाणूंच्या कामातून येते. तणांचं बरंचसं बी आणि रोगकारक जंतू याच टप्प्यात मरतात, म्हणून ढीग उलटून बाहेरचा भाग आत आणायचा असतो. उलटायचा कंटाळा केला तर कडेचं बी जिवंत राहतं आणि आपणच ते खतासोबत सगळ्या वाफ्यांत पसरवतो.

चवळीच्या मुळांवरच्या गाठीही मला तितक्याच आवडीच्या. कडधान्यं नत्र स्थिर करतात, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. दादांनी एक रोप मातीसकट हळूच उचललं, मुळं पाण्यात हलवून धुतली आणि एक गाठ नखाने कापली. आतून ती गुलाबी होती, ताज्या जखमेइतकी. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी त्याचं नातं आहे, आणि गाठीतल्या जिवाणूंना लागेल तेवढाच प्राणवायू पुरवायचं काम ते करतं. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे. मग त्यांनी शेणखत भरपूर पडलेल्या वाफ्यातलं रोप काढून दाखवलं. त्यावर गाठी मोजक्याच, आणि कापल्यावर आत फिकट. मातीतच नत्र भरपूर मिळत असेल तर रोप जिवाणूंना पोसायच्या भानगडीत पडत नाही. कडधान्याला भरमसाट खत घालू नये, हे त्या दोन गाठींनी सांगितलं.

किडींच्या बाबतीत मात्र संयमाची परीक्षा असते, आणि ती मला अवघड गेली. कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला. पानं आकसली, चिकट झाली, मुंग्या चढल्या. समोर पीक जात आहे असं वाटत असताना दादांनी काय करायला सांगितलं, तर वही घेऊन ठरावीक झाडांची पानं पाहायची, आणि माव्याशेजारी आणखी काय काय आहे ते लिहून ठेवायचं. पहिल्या काही दिवसांत फक्त मावाच दिसला. मग पिवळी, उभी, झुपक्याने घातलेली ढालकिड्याची अंडी दिसली. त्यातून निघालेल्या अळ्या काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, लांबोड्या असतात. लाल गोल ढालकिड्याशी त्यांचं काही साम्य नसल्यामुळे नवी माणसं हमखास त्यांनाच कीड समजून चिरडतात. एके सकाळी माव्याच्या घोळक्यात काही मावे फुगलेले, तपकिरी आणि कागदासारखे कोरडे दिसले. भिंगाखाली पाहिलं तर एकाच्या पाठीवर अगदी वाटोळं भोक होतं. एका इवल्या गांधीलमाशीने त्या माव्यात अंडं घातलं होतं, तिची अळी आतून त्याला खाऊन मोठी झाली होती आणि झाकण कापून बाहेर पडली होती. वहीत पुढे असे कोरडे मावे वाढत गेले आणि जिवंत मावा कमी होत गेला.

शिकारी किडे नेहमी भक्ष्याच्या मागून येतात, कारण खायला असल्याशिवाय त्यांची पिल्लं जगत नाहीत. मधला काळ रिकामा आणि भीतीदायक असतो. त्या काळात फवारणी केली, मग ती वनस्पतिजन्य अर्काची का असेना, तर नुकते आलेले शिकारीही जातात, आणि मावा त्यांच्यापेक्षा लवकर परत वाढतो. पण थांबायचं किती? काही वेळा पीक खरंच जातं. दादांनी एका वाफ्यातली झाडं सरळ उपटून टाकायला लावली होती, कारण तिथे विषाणूजन्य रोगाची लक्षणं दिसत होती आणि मावा तो रोग पसरवतो. एकाच शेतात, त्याच आठवड्यात, एका वाफ्याला हात लावायचा नाही आणि दुसरा रिकामा करायचा. हा फरक करायला मागचे हंगाम लागतात.

जपानी शेतकरी मासानोबु फुकुओका यांचं नाव घेऊन ‘काहीच न करण्याची शेती’ असं बोललं जातं, तेव्हा मला हे आठवतं. १९१३ साली जन्मलेले फुकुओका वनस्पतिरोगशास्त्र शिकलेले होते. नोकरी सोडून १९३८ मध्ये ते शिकोकू बेटावरच्या आपल्या गावी परतले आणि वडिलांच्या संत्र्यांच्या बागेची छाटणी त्यांनी बंद केली. वर्षानुवर्षं छाटून वाढवलेली ती झाडं. छाटणी अचानक थांबल्यावर फांद्या एकमेकींत गुंतल्या, किडी पडल्या आणि बरीच झाडं मेली. सोडून देणं आणि ढवळाढवळ न करणं यांत अंतर आहे, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. त्यानंतर भात आणि हिवाळी धान्याची त्यांची न नांगरता करायची पद्धत तयार व्हायला काही दशकं गेली. जगभरातून तरुण मुलं-मुली त्यांच्या डोंगरावरच्या मातीच्या झोपड्यांत येऊन राहिली आणि शेतात राबली. दशकांची मेहनत वगळून फक्त ‘काहीच करायचं नाही’ एवढंच उचलणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते. नवी माणसं अशाने पहिल्याच वर्षी पोळतात आणि शेती सोडतात.

आता एका अवघड गोष्टीबद्दल. आम्ही दोघी एकाच ओळीत खुरपत होतो, तेव्हा माझं नाव ‘शिकाऊ’ होतं आणि मावशींचं ‘मजूर’. शेतावर कुणी पाहुणे आले की माझ्याशी बोलायचे. मी कुठून आले, शेतीकडे कशी वळले, मातीबद्दल मला काय वाटतं. मावशींना कुणी काही विचारल्याचं मी क्वचितच पाहिलं. गाजराच्या ओळीत मुळा टाकायची युक्ती त्यांची, आभाळ पाहून काम ठरवायचं त्यांचं, कुठल्या कोपऱ्यात लव्हाळा कधी शिरला हे त्यांना ठाऊक. इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले आणि तिथले शेतकरी आणि किडी-रोग यांनाच त्यांनी आपले प्राध्यापक मानलं. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत त्यांनी कंपोस्टची पद्धत बसवली, तिच्या मुळाशीही आशियातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या रीती होत्या. जगाने नाव हॉवर्ड यांचं लक्षात ठेवलं. त्या शेतकऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. शाश्वत शेतीच्या चळवळीने हे पहिल्यांदा दुरुस्त करावं असं मला मनापासून वाटतं.

फुकटच्या हातांचा प्रश्नही याला जोडूनच येतो. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड या बाईंनी शहरातल्या माणसांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतांवर कामाला नेण्याची व्यवस्था सुरू केली. त्यातूनच वूफ हे आज जगभर पसरलेलं जाळं उभं राहिलं: दिवसातले काही तास काम करायचं, बदल्यात जेवण, राहायला जागा आणि शिकायला मिळणार, पैशांचा व्यवहार नाही. शहरातल्या माणसाने मातीत हात घालावा, शेतकऱ्याचा दिवस कसा असतो ते पाहावं, यासाठी ही कल्पना फार चांगली आहे. पण वर्षभर पूर्ण वेळ राबणाऱ्या उमेदवारालाही त्याच हिशोबात बसवलं जातं, तेव्हा दोन गोष्टी बिघडतात. घरून आधार असलेल्यांनाच शिकायला येणं परवडतं. आणि शेताचा ताळेबंद खोटा होतो, कारण पुढच्या वर्षी शिकाऊ मिळाले नाहीत तर ते शेत चालणार नसतं. माती सुधारते आहे, पाणी मुरतं आहे, पण माणसांच्या श्रमाचे पैसे निघत नाहीत, अशा शेताला शाश्वत म्हणायला मी तयार नाही.

म्हणून कुणी मला अशा शेतावर जाण्याबद्दल विचारलं की मी शेताच्या फोटोंबद्दल काही विचारत नाही. मी सांगते, आधी काही दिवस राहून बघ. दिवसातले किती तास काम आणि किती वेळ शिकवणं, हे स्पष्ट विचारून घे. आजारी पडलं तर काय, विंचू-साप चावला तर दवाखाना किती लांब, सुट्टी कधी, हे विचारायला संकोच करू नकोस. गेल्या वर्षीचे शिकाऊ आता काय करतात ते विचार. तिथे रोजंदारीवर कोण आहेत, किती वर्षं आहेत, त्यांना मजुरी वेळेवर मिळते का, हे त्यांनाच विचार. ज्या शेतावर मजूर दरवर्षी बदलतात, तिथल्या मालकाने कितीही चांगलं शिकवलं तरी त्या शेताची निम्मी आठवण दरवर्षी निघून जाते. आणि वह्या आहेत का ते बघ.

दादांकडे वह्या होत्या. पेरणीच्या तारखा, पहिला पाऊस, कुठल्या वाफ्यात काय होतं, किती निघालं, कुठली कीड कधी आली. काही पानं पावसात भिजून शाई पसरलेली. कोबी कुठे कुजला होता, ते तिथेच लिहिलेलं होतं. फुकुओकांची मेलेली झाडं आणि दादांचा कुजलेला कोबी यांची किंमत ज्यांनी मोजायची त्यांनी आधीच मोजलेली आहे. आपण ती पुन्हा मोजायची गरज नाही, फक्त ते पान उघडून वाचायला हवं. मावशी लिहीत नव्हत्या. म्हणून संध्याकाळी त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं, अशी आमची सवय लागली. त्या सांगतील ते त्यांच्या नावानेच लिहायचं, हे मी ठरवून घेतलं आणि दादांनीही मान्य केलं. त्या अर्ध्या तासाची मजुरी त्यांना मिळावी, असं मी दादांना सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून ती हिशोबात धरली गेली.

उमेदवारीची ठरलेली मुदत संपली आहे आणि मी आणखी एक वर्ष मागून घेतलं आहे. कारण साधं आहे. शेताच्या खालच्या बाजूला एकाच मातीचे दोन पट्टे आहेत. एकात आम्ही हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलावर यायच्या सुमारास मातीत गाडला, दुसऱ्यावर वाळक्या पाल्याचं जाड आच्छादन घातलं. दोन्हीत आता एकच पीक उभं आहे. आच्छादनाच्या पट्ट्यात ओल जास्त टिकली आहे, पण रोपं अंमळ फिकट दिसतात. वाळका पाला कुजताना जिवाणूंनी मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढलं असावं, असा दादांचा अंदाज आहे. मावशी म्हणतात, पाला मातीत मिसळलेला नाही, नुसता वर आहे, तेव्हा कारण ते नसावं. खाली गारवा जास्त राहिल्यामुळे मुळं सुस्त आहेत, ऊन वाढलं की हेच रोप पुढे जाईल. दोघांचंही म्हणणं तारखेसह वहीत लिहिलेलं आहे. पुढच्या हंगामात दोन्ही पट्ट्यांमधली ढेकळं मी पाण्यात टाकून बघणार आहे, आणि मुळंही धुऊन बघणार आहे.